बारावीनंतर राष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास: यात नेमकं शिकतात काय?

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात माझी भाची प्रभादेवीला घरी आली, ती एका कॉलेजचं माहितीपत्रक हातात घेऊनच. वर लढाऊ विमान, खाली रणगाडा, मागे तिरंगा. मध्ये ठळक अक्षरांत पदवीचं नाव: सामरिक आणि राष्ट्रीय सुरक्षा अभ्यास. "मावशी, तू हेच शिकलीस ना? यात नक्की करतात काय?" भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवत लगेच विचारलं, "आणि पुढे पोटापाण्याचं काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दर मे-जूनमध्ये ते अनेक घरांत विचारले जातात. मी या विषयात एम.ए. केलं आणि आता बलार्ड इस्टेटमध्ये मालवाहू जहाजांच्या विम्याचं काम करते. त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी ते माहितीपत्रकावरचं चित्र डोक्यातून काढायला हवं. या पदवीत कवायत नाही, बंदूक नाही, गणवेश नाही. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि पदवीनंतर सीडीएसची (संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षा आहे. तो वेगळा रस्ता. इथे अभ्यास होतो तो निर्णयांचा. देशावर संकट येतं तेव्हा कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं, त्याला काय काय माहीत नसतं, आणि ठरवलेलं चुकलं तर भोगतं कोण.

विषय कितीही मोठा वाटला तरी तीन साधे प्रश्न हातात धरले की वाट सापडते. सुरक्षा कोणाची? कशापासून? आणि तिची किंमत कोण मोजणार? हे प्रश्न विचारायला परदेशी पुस्तकंच लागतात असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं आहे. ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र, इतकं स्पष्ट. पण त्याच आज्ञापत्रात पुढे एक गोष्ट येते, ती मला त्याहून मोठी वाटते. आरमाराला लाकूड लागतं. आंब्या-फणसाची झाडं त्या कामाची आहेत. तरी त्यांना हात लावू नका, असं ते बजावतात, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडा. संरक्षण हवंच, पण ते कोणाच्या परसातल्या झाडावर उभं राहतंय हेही पाहा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा गाभा मला या एका परिच्छेदात दिसतो.

आता 'सामरिक' हा शब्द. समर म्हणजे युद्ध, एवढं शब्दकोशात मिळतं. पण या विषयात सामरिक विचार म्हणजे साध्य आणि साधनं यांचा मेळ घालणं. डावपेच असतात ते प्रत्यक्ष लढाईतले. सामरिक विचार त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि लढाई संपल्यावरही चालू राहतो.

उदाहरण 1971चं घ्या. 25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्यानं ढाक्यात दडपशाही सुरू केली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात यायला लागले. वर्ष संपेपर्यंत त्यांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. मग युद्ध एप्रिलमध्येच का झालं नाही? पहिल्या सत्रात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्गात एकदम शांतता पसरते. उत्तर शोधायला नकाशा उघडावा लागतो. पूर्व बंगाल (आजचा बांगलादेश) म्हणजे नद्यांचा प्रदेश, पावसाळ्यात सैन्य अडकून पडलं असतं. उत्तरेला चीन होता आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होतात. अमेरिका पाकिस्तानच्या बाजूला झुकलेली होती, म्हणून 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. सैन्याची जमवाजमव, दारूगोळा, रेल्वेगाड्या, सगळ्याला महिने लागले. युद्धाला तोंड फुटलं 3 डिसेंबरला आणि 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या तेरा दिवसांमागचे आठ महिने म्हणजे सामरिक विचार.

याच युद्धात 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. या नौका मुळात किनारा राखण्यासाठी घेतलेल्या. त्या एवढ्या लांब नेऊन वापरायच्या, ही कल्पकता. आपण 4 डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो म्हणूनच. पण चांगला शिक्षक तिथे थांबत नाही. पाच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. विजयाच्या वर्षातलं हे नुकसान का झालं, हे त्याच बारकाईनं वाचावं लागतं. ज्या वर्गात फक्त जिंकलेल्या लढाया शिकवतात, तो वर्ग बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या मुलाला या विषयातलं सर्वांत अवघड प्रकरण घराजवळ भेटतं. 26 नोव्हेंबर 2008. दहा दहशतवादी कराचीहून निघाले, वाटेत 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट बळकावली, तिच्यावरच्या खलाशांना मारलं आणि रात्री रबरी होडीनं कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. नंतरच्या तीन दिवसांत 166 जणांचा जीव गेला. पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांच्यातल्या कसाबला धरून ठेवलं, म्हणून तो जिवंत सापडला आणि कटाचा धागा हाती आला.

वर्तमानपत्रं विचारतात, चूक कोणाची? हा विषय विचारतो, माहिती होती का? होती तर ती कुठे अडकली? समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी आलेले होते. पण इशारे रोजच येत असतात. मुंबईकराला हे पावसामुळे चटकन कळेल. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला, शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन पडलं, तर पुढच्या अलर्टकडे लोक काणाडोळा करतात. आणि 26 जुलै 2005 सारखा दिवस उगवतो, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा प्रत्येकजण विचारतो की आधी का नाही सांगितलंत. गुप्तवार्तेचंही तसंच आहे. प्रत्येक इशाऱ्यावर शहर बंद करता येत नाही आणि एकही इशारा सोडून देता येत नाही. घटना घडून गेल्यावर शेकडो कागदांतला नेमका कागद ठळक दिसतो. आधी तो त्या ढिगात असतो. त्या ढिगात हात घालायची रीत म्हणजे कोणती माहिती किती पक्की, ती कोणाकडून आली, दुसऱ्या कोणी तिला दुजोरा दिला का. या पदवीतली सगळ्यात उपयोगी शिकवण हीच आहे.

दुसरी बाजू कायद्याची. राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय, संरक्षण केंद्राचा. किनाऱ्याजवळ राज्याचे सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, त्यापुढे नौदल, शिवाय कस्टम आणि बंदराची यंत्रणा. एक बोट या सगळ्यांच्या हद्दीतून येते, पण ती नेमकी कोणाची जबाबदारी? एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यायला पहाट उजाडली. त्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये एनआयएचा (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा झाला, 2009 मध्ये मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं आली, किनारी आणि सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे गेली, महाराष्ट्रानं फोर्स वन ही पोलिसांची कमांडो तुकडी उभी केली. विद्यार्थ्यानं यातला प्रत्येक बदल घेऊन विचारायचं असतं की हा कोणत्या उणिवेवरचा उपाय होता, आणि ती उणीव त्यानं भरली का. त्याच काळात दहशतवादविरोधी कायदे कडक झाले. त्यात निरपराध माणूस वर्षानुवर्षं अडकू नये याची सोय काय, हाही याच पेपरातला प्रश्न आहे. तो विचारणारा देशाच्या विरोधात असतो ही समजूत मनातून काढून मगच वर्गात बसावं.

राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे फक्त सीमा आणि दहशतवाद, असंही नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस, रुग्णालयांत जनरेटरची धावपळ. पुढे राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालानं घातपाताची शंका घेतली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. बॉम्ब फुटला तर तो फुटला हे तरी नक्की असतं. संगणकातून झालेल्या हल्ल्यात, हल्ला झाला की नाही इथूनच वाद सुरू होतो. मग उत्तर कोणाला द्यायचं?

त्याच्याही आधी, जून 2017 मध्ये, युक्रेनला लक्ष्य करून सोडलेला एक संगणकी विषाणू जगभर पसरला आणि न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकांना वाट बघत थांबावं लागलं. त्या ट्रकवाल्यांचा युक्रेन-रशियाच्या भांडणाशी काय संबंध? काहीच नाही, आणि तरी झळ त्यांना बसली.

माझ्या टेबलावर हे रोज येतं. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरात केम प्लुटो नावाच्या टँकरवर गुजरातच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ड्रोन आदळला आणि ते जहाज मुंबईत आणलं गेलं. युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, म्हणजे दहा-बारा दिवसांची वाढ. तेव्हा नाशिककडच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला. निफाडहून एका निर्यातदाराचा फोन आला होता. त्याला हूती कोण हे समजून घ्यायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की युद्धजोखमीचा प्रीमियम आणखी किती वाढेल, आणि वळसा घालून गेलेला माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत टिकेल का. त्याला नीट उत्तर द्यायचं तर मला येमेनचं राजकारण, समुद्राचा नकाशा आणि विम्याची कलमं तिन्ही माहीत असावी लागतात. ही पदवी घेऊन माणूस कामाला कुठे येतो, त्याचं हे एक उत्तर.

वर्गात दोन संकल्पना फार लवकर भेटतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. पहिली, सुरक्षेचा पेच. आमच्या गल्लीत असं झालं. एका सोसायटीत चोरी झाली. त्यांनी कुंपणाची भिंत वाढवली, रात्रीचा आणखी एक वॉचमन ठेवला, मागचं फाटक बंद केलं. शेजारच्या सोसायटीला वाटलं, आता चोर आपल्याकडे वळणार. त्यांनीही भिंत वाढवली. वर्षभरात चारही इमारतींचा मेन्टेनन्स वाढला आणि मुलांचा शाळेला जायचा जवळचा रस्ता बंद झाला. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. देशांचंही असंच होतं, कारण शेजाऱ्याच्या मनातलं कळत नाही, त्याची वाढलेली भिंत मात्र दिसते. फरक एवढाच की सोसायट्यांच्या वर पालिका आहे, पोलीस आहेत. देशांच्या वर असं कोणी नाही.

दुसरी संकल्पना म्हणजे धाक. समोरच्यानं पाऊल टाकूच नये इतकी भीती त्याला वाटली पाहिजे, आणि ती भीती त्याला खरी वाटली पाहिजे. 1956 मध्ये तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली, 1974 आणि 1998 मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या, आणि जानेवारी 2003 मध्ये सरकारनं अणुधोरण जाहीर केलं: आपण पहिल्यांदा अण्वस्त्र वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. मग 1998 नंतर लगेच 1999 मध्ये कारगिल कसं झालं? धाक असूनही झालं, म्हणजे तो निकामी ठरला का? की धाक होता म्हणूनच ते युद्ध मर्यादित राहिलं, आपल्या वायुदलालाही नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा आदेश होता? यावर वर्गात दोन तट पडतात आणि ते पडावेत.

पैशाचा भाग कोरडा वाटतो, पण तो टाळला तर बाकी सगळं हवेत राहतं. 2025-26 चा संरक्षणाचा अर्थसंकल्प सुमारे 6.81 लाख कोटी रुपयांचा होता. त्यातले जवळपास 1.60 लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी होते आणि नवी जहाजं, विमानं, तोफा यांसाठीचा भांडवली खर्च सुमारे 1.80 लाख कोटी. शिवाय वेळ. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला 2005 मध्ये, पहिली कलवरी नौदलात आली डिसेंबर 2017 मध्ये आणि सहावी वागशीर जानेवारी 2025 मध्ये. करार झाला तेव्हा जन्मलेलं मूल सहावी पाणबुडी येईपर्यंत मतदार झालं. आज घेतलेला निर्णय वीस वर्षांनंतरच्या संकटाला उपयोगी पडायला हवा, हे त्यामुळे.

माझ्या विद्यार्थिदशेतली एक दुपार सांगते. आमच्याकडे संकटाचा सराव घ्यायचे. वर्गाचे गट, प्रत्येक गट म्हणजे एक देश, दर वीस मिनिटांनी सरांकडून एक चिठ्ठी. माझ्या गटाकडे एका चिंचोळ्या सामुद्रधुनीवर बसलेला काल्पनिक देश होता. दुसऱ्याच चिठ्ठीला आम्ही जोशात सामुद्रधुनी बंद केल्याचं जाहीर केलं. सर टेबलाजवळ आले, हळूच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. आता उघडायची असेल तर कशी उघडाल? तोंड न लपवता?" आम्ही तिघंही गप्प. आमचा स्वतःचा मालही तिथूनच जात होता, हे तेव्हा लक्षात आलं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही मागे येण्याची वाट शोधत होतो. होर्मुझ सामुद्रधुनीची बातमी आली की मला आजही ती ओढलेली खुर्ची आठवते.

असे सराव, नकाशे, इतिहास, आंतरराष्ट्रीय संबंध, थोडं अर्थशास्त्र, थोडा कायदा, संशोधनाची पद्धत आणि शेवटी एक प्रकल्प, असं या पदवीचं साधारण स्वरूप असतं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळतं. बरंचसं वाचन इंग्रजीत आहे, त्याचा सराव पहिल्या दिवसापासून ठेवावा लागतो. मराठी माध्यमाच्या मुलांना सुरुवातीला जड जातं, पण दुसऱ्या वर्षापर्यंत गाडी रुळावर येते. मी मराठी माध्यमाचीच.

कुठे शिकायचं? मुंबईतली बरीच मुलं राज्यशास्त्राच्या वाटेनं इथे येतात. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला आहे. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. अभ्यासक्रम मागून घ्या, पदवीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यता आहे का बघा, शिकवणारे पूर्णवेळ आहेत का विचारा. 'सैन्यात थेट प्रवेश' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. अशी थेट वाट कोणत्याही पदवीला नाही.

भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर मी सरळ दिलं. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सीडीएसमधून भूसेनेसाठी प्रयत्न करता येतो. नौदल अकादमीला अभियांत्रिकी लागते आणि वायुदलाला बारावीत भौतिकशास्त्र-गणित किंवा अभियांत्रिकी. निमलष्करी दलांतल्या असिस्टंट कमांडंटची परीक्षा, नागरी सेवा, गुप्तवार्ता विभागाची भरती हे रस्ते खुले आहेत. शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत संरक्षण आणि सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. दिल्लीतल्या अभ्याससंस्था बहुतेक वेळा एम.ए. मागतात. खासगी क्षेत्रात जहाजवाहतूक, विमा, बँकांमधली संशयित व्यवहारांची तपासणी, सायबर धोक्यांचं विश्लेषण. मात्र नुसत्या बी.ए.वर यातली फार दारं उघडत नाहीत. जोडीला काहीतरी हवं: चिनी किंवा फारसीसारखी भाषा, आकडेवारीचं कौशल्य, उपग्रह नकाशे वाचता येणं, नाहीतर कायदा. भाऊजींना हे ऐकून पूर्ण समाधान झालं नाही, पण त्यांनी माहितीपत्रक उचलून अभ्यासक्रमाचं पान काढलं.

भाचीला मी अर्ज भरण्याआधी एक काम दिलं. एक जूनला मासेमारीबंदी लागायच्या आत पहाटे ससून डॉकला जायचं, बोटी येताना बघायच्या, लोकांशी बोलायचं आणि ते तीन प्रश्न घेऊन चार पानं लिहायची.

ती चार दिवसांनी आली. खलाशांची ओळखपत्रं, बोटीचे कागद, संकटात इशारा पाठवायचं यंत्र, सगळं टिपलं होतं. एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, तिला सांगितलं होतं की समुद्रात कधी नौदल थांबवतं, कधी तटरक्षक, कधी पोलीस, आणि प्रत्येकाला तेच कागद नव्यानं दाखवायचे असतात. खलाशी तर हंगामागणिक बदलतात, मग कार्डांची पळापळ. किनाऱ्यावरचे कोळी म्हणजे देशाचे डोळे आणि कान, असं सगळे म्हणतात, तिनं लिहिलं होतं, पण डोळ्या-कानांचा खर्च तांडेलाच्या खिशातून जातो. शेवटच्या पानावर तिनं एक ओळ पेन्सिलनं अधोरेखित केली होती: कुबेरवर मारले गेलेले खलाशी त्या 166 जणांत मोजले आहेत का? मी त्याखाली 'शोधून काढ' असं लिहिलं आणि पानं तिला परत दिली.